रूट कॅनल पुनरुज्जीवन, अपक्व दातांतील

मूळ पुरते वाढण्याआधीच नस मेलेल्या कायम दाताची नलिका जंतुमुक्त करून, मुळाच्या टोकापलीकडून तीत रक्त उतरवून नवी ऊती वाढू देण्याचा उपचार. वरचा पुढचा दात ७–८ व्या वर्षी उगवतो व त्याचे मूळ पुरे होण्यास पुढे सुमारे ३ वर्षे लागतात. या काळात लेकरू सायकलवरून पडून दात मेला, तर मूळ टोकाशी उघडे आणि भिंतींनी पातळ राहते.

उगमाबाबत एकमत नाही. नॉर्वेचे निगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्ये रक्ताच्या गुठळीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना नलिकेत तंतुमय ऊती आढळली, दातातली मूळची मज्जा (नस) नव्हे. जपानमधील इवाया व सहकाऱ्यांच्या २००१ च्या रुग्णवृत्तापासून आधुनिक उपचार मोजण्याचा प्रघात आहे. पण त्यात रक्तस्राव मुद्दाम घडवलेला नव्हता. ती पायरी तीन प्रतिजैविकांच्या लेपासह बांक्स व ट्रोप यांनी २००४ मध्ये मांडली. त्यामुळे कल्पना १९६१ ची व कृती २००४ ची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नावाचा वादही याच्याशीच निगडित आहे. अमेरिकेत ‘रिजनरेटिव्ह’ (मूळची ऊती पुन्हा घडवणारा) हा शब्द रूढ आहे. युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०१६ मध्ये ‘रिव्हायटलायझेशन’ (पुनरुज्जीवन) हा शब्द स्वीकारला. रक्ताबरोबर मूलपेशी (स्टेम सेल) नलिकेत येतात हे दाखवले गेले आहे. तरी सूक्ष्मदर्शकाखाली मुख्यतः सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण थरासारखी), हाडासारखी व तंतुमय ऊतीच दिसते. म्हणून युरोपीय शब्द अधिक प्रामाणिक आहे.

मुळाच्या टोकाचे हाड भरून येणे हे सर्वांत भरवशाचे फलित होय. मुळाची लांबी व जाडी वाढेलच असे नसते. थंड स्पर्शाची जाणीव परतणे त्याहून अनिश्चित. वाढ झाली तरी ती बहुधा टोकाकडे होते, मानेशी भिंत पातळच राहते, आणि असे दात मोडतात ते तिथेच. उशिराने नलिका चुन्याने बुजणे, पुन्हा जंतुसंसर्ग व लेपातील मिनोसायक्लिन या प्रतिजैविकामुळे दात काळवंडणे हे दोष दिसतात. मार लागून मेलेल्या दातांचे फलित, चावण्याच्या बाजूचा जन्मजात उंचवटा झिजून मेलेल्या उपदाढांपेक्षा कमी चांगले असते.

ग्रामीण विदर्भात प्रश्न पाठपुराव्याचा आहे. तज्ज्ञ विभाग नागपूर, सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयांत. धारणी किंवा एटापल्लीहून लेकराला आणायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. उपचाराच्या दोन बैठकींत काही आठवड्यांचे अंतर असते. तेवढ्यात हिरडीवरचा फोड बसतो, दुखणे थांबते, आणि कापूस वेचणी चालू असली की दुसरी फेरी राहून जाते. दातावर भरलेले तात्पुरते सिमेंट झिरपू लागले की जंतू परततात. तपासणी पुढे किमान दोन वर्षे ठराविक अंतराने, नंतर दरवर्षी हवी. एक्स-रे एकदा तालुक्याला, एकदा शहरात काढला तर त्याचा कोन बदलतो, आणि मुळाची मिलिमीटरभर वाढ खरी की कोनामुळे भासली हे सांगता येत नाही. मागची फिल्म जपून ठेवून ती सोबत आणण्यास पालकांना सांगणे म्हणूनच उपचाराचाच भाग आहे. चंद्रपूर व यवतमाळच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवर आधीच तपकिरी डाग असतात. त्यामुळे उपचारापूर्वीचा रंग शेजारच्या दातासह नोंदवावा लागतो.