अर्ध्या वाक्यापासून दहा मिनिटांपर्यंत : येशूच्या मृत्यूचे चित्रपट आणि रक्त

मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशूला फटके मारल्याचा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकलेला आहे. रोमन सुभेदार पिलाताने बरब्बा या कैद्याला सोडलं, येशूला फटके मारवले आणि क्रूसावर खिळायला सोपवलं, एवढंच. योहान त्यासाठी एक छोटं वाक्य खर्च करतो. लूक तर पिलाताच्या तोंडी 'शिक्षा करून सोडून देतो' अशी भाषा घालतो आणि पुढे जातो. खिळ्यांचा उल्लेखही क्रूसाच्या प्रसंगात नाही. पुनरुत्थानानंतर थोमा हा शिष्य हातांवरच्या खुणा पाहायला मागतो, तेव्हा तो पहिल्यांदा येतो. मेल गिब्सनच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (2004) या चित्रपटात हेच फटके जवळपास दहा मिनिटं पडत राहतात. अर्ध्या वाक्याची दहा मिनिटं कशी झाली, याचा दोष एकट्या हॉलिवूडच्या माथी मारता येत नाही. सिनेमाचा जन्म होण्याआधीच बरंच काही घडून गेलं होतं.

शुभवर्तमानांच्या मितभाषीपणाचं एक साधं कारण आहे. त्यांच्या वाचकांना क्रूस म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये रोमनांनी सुमारे 6,000 कैदी आपियन मार्गाच्या कडेला क्रूसांवर लटकवले होते. ही शिक्षा गुलामांसाठी, बंडखोरांसाठी होती, आणि ती भर रस्त्यात देण्यामागे दहशत बसवण्याचाच हेतू होता. असं मरण आलेल्या माणसाला देव मानणं त्या काळी हास्यास्पद वाटत असे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेलं, साधारण इ.स. 200 च्या सुमाराचं एक भिंतीवरचं खरडलेलं चित्र याची साक्ष देतं : क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात उंचावलेला एक भक्त आणि शेजारी 'अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो' अशा अर्थाची ओळ. क्रूसाच्या उपलब्ध चित्रांपैकी अगदी जुनं असलेलं हे चित्र भक्ताने नव्हे, टवाळखोराने काढलेलं आहे.

ख्रिस्ती कलेने स्वतः या प्रसंगाला हात घालायला बराच वेळ घेतला. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या पाचव्या शतकातल्या लाकडी दारावर क्रूसारोहण कोरलेलं आहे, पण तिथला येशू डोळे उघडे ठेवून, हात पसरून जवळजवळ उभाच आहे. वेदनेचा लवलेश नाही. पुढची काही शतकं हाच विजयी ख्रिस्त चालला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलोनच्या कॅथेड्रलमधल्या गेरो क्रूसावर मान लटकलेला, पोट सुटलेला, खरोखर मेलेला देह दिसू लागतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने मांडलं की माणसाच्या पापामुळे देवाचं जे देणं झालं, ते फेडण्यासाठी देवालाच माणूस व्हावं लागलं. या विचाराची लोकभक्तीत एक वेगळीच फांदी फुटली. दुःख जितकं मोठं, तितकी फेड मोठी. अँसेल्म असं म्हणाला नव्हता, पण भाविकांच्या मनात हिशेब तसा बसला. 1224 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्याची कथा पसरली आणि फ्रान्सिस्कन साधूंनी जखमांचं ध्यान गावोगाव नेलं.

या परंपरेचं सगळ्यात अंगावर येणारं रूप म्हणजे माथियास ग्र्यूनेवाल्डने 1512 ते 1516 च्या दरम्यान रंगवलेलं इझेनहाइमचं वेदीचित्र. येशूची कातडी हिरवट पडलेली, सबंध अंगात काट्यांचे तुकडे रुतलेले, ओठ निळे, आणि आकडी आल्यासारखी ताठ, वाकडी, आकाशाकडे वळलेली बोटं. हे चित्र ज्या मठासाठी काढलं, तिथे 'संत अँथनीचा अग्नी' नावाच्या रोगाचे रुग्ण ठेवत. बुरशी धरलेल्या राय धान्यामुळे हा रोग होई आणि हातपाय सडून काळे पडत. म्हणजे ज्यांचे अवयव झडत होते, त्यांच्यासमोर झडल्यासारखा दिसणारा देव ठेवला होता. 'तुझ्यासारखंच मलाही झालं' असं सांगणारी ही हिंसा होती. क्रूर दृश्यांबद्दल बोलताना हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. कोणासाठी दाखवलं आणि पाहणाऱ्याची अवस्था काय होती, हे सोडून नुसतं रक्त मोजण्यात अर्थ नाही.

त्याच काळात वाढलेल्या दुःखसहनाच्या, म्हणजे येशूच्या छळाच्या आणि मृत्यूच्या, नाटकांची बाजू मात्र काळी आहे. पवित्र आठवड्यात होणाऱ्या या नाटकांत येशूचे छळ जितके ठसठशीत, तितका 'हे केलं कोणी' हा प्रश्न प्रेक्षकांच्या डोक्यात भिनत जाई, आणि उत्तर तयारच असे : यहुदी. शिक्षा रोमन, शिक्षा देणारे सैनिक रोमन, हुकूम रोमन सुभेदाराचा. तरीही मत्तयातली 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो' ही जमावाची ओळ शतकानुशतकं यहुद्यांवरच्या हल्ल्यांना समर्थन म्हणून वापरली गेली. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावाने प्लेगच्या साथीत 1633 मध्ये नवस बोलून 1634 पासून सुरू केलेलं नाटक आजही साधारण दर दहा वर्षांनी होतं. 1934 च्या त्रिशतकी प्रयोगाला हिटलर हजर होता आणि पुढे त्याने त्या नाटकाची स्तुतीही केली. कॅथलिक चर्चने येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही असं अधिकृतपणे जाहीर केलं ते 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेत.

सिनेमाने सुरुवात केली ती याच नाटकांच्या पाठीवर बसून. 1897 मध्ये बोहेमियातल्या होरित्झ गावचं नाटक चित्रित झालं. 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ओबरआमरगाउचं नाटक' म्हणून दाखवलेला चित्रपट चक्क न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर उरकलेला होता. पाथे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत येशूच्या जीवनाची हाताने रंगवलेली दृश्यमालिका जगभर फिरवली. असाच एक ख्रिस्तपट 1910-11 च्या सुमारास मुंबईत पाहताना दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर कृष्ण आणि राम दिसू लागले, आणि त्यातून भारतीय सिनेमा उभा राहिला, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. लक्षात घ्यायचं ते असं की तेव्हाचा हा प्रकार आक्रमक नव्हता. कॅमेरा लांब, पात्रं ठरलेल्या मुद्रेत. भाविक त्याकडे हलत्या धर्मचित्रांसारखं पाहत.

पुढची पन्नासेक वर्षं नियमांची. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने सुरुवातीला दोनच गोष्टींना ठाम बंदी घातली होती : नग्नता, आणि पडद्यावर सदेह ख्रिस्त. अमेरिकेत 1930 ची प्रॉडक्शन कोड, म्हणजे हॉलिवूडने स्वतःसाठी आखलेली नियमावली, धर्माची टिंगल रोखत होती आणि क्रौर्याला सुरुचीच्या मर्यादेत बांधत होती. 'द रोब' (1953) आणि 'बेन-हर' (1959) मध्ये येशूचा चेहराच दिसत नाही. सेसिल डिमिलने 1927 च्या 'द किंग ऑफ किंग्ज'मध्ये यहुदी संघटनांच्या निषेधानंतर सगळा दोष कयफा या महायाजकाच्या एकट्याच्या माथी मारला. तडजोड हुशारीची होती, पण त्यामुळे खलनायक आणखी उठून दिसला. या सगळ्यात वेगळा पासोलिनी. साम्यवादी आणि नास्तिक म्हणवणाऱ्या या दिग्दर्शकाने 1964 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान जवळपास शब्दशः चित्रित केलं, आणि छळाच्या प्रसंगी कॅमेरा गर्दीत मागे ठेवला. माझ्या मते मत्तयाचा तुटक, घाईचा सूर पडद्यावर इतका नेमका दुसऱ्या कोणालाही सापडलेला नाही.

1968 मध्ये अमेरिकेत कोड जाऊन वयानुसार रेटिंग आली आणि दरवाजे उघडले. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' (1973) मध्ये पिलात 39 फटके मोठ्याने मोजतो. हा आकडा खरं तर यहुदी धर्मशास्त्रातल्या 'चाळिसात एक कमी' या मर्यादेतून आलेला. रोमन सैनिकांवर तसलं बंधन नव्हतं. 1988 मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वरून पॅरिसमधल्या सेंट मिशेल चित्रपटगृहाला धर्मांधांनी आग लावली, माणसं होरपळली. पण तो राग रक्ताबद्दल नव्हता. क्रूसावरच्या येशूला संसाराचं स्वप्न पडतं, याबद्दल होता. जखमी देव चालतो, मोहात पडलेला चालत नाही, हे त्या प्रकरणाने स्पष्ट केलं.

मधल्या काळात आणखी एका गोटातून रसद येत होती : डॉक्टर. फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर बार्बे यांनी प्रेतांवर प्रयोग करून खिळे तळहातांत नव्हे तर मनगटात ठोकले असावेत आणि मरण श्वास कोंडून आलं असावं असं मांडलं. 1968 मध्ये जेरुसलेममध्ये योहानान नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड खिळ्यासकट सापडलं. 1986 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात येशूच्या शारीरिक मृत्यूवर सचित्र लेख आला. फटक्यांनी मांस कसं फाटलं असेल, रक्त किती गेलं असेल, याची चर्चा त्यात होती. बार्बे यांच्या निष्कर्षांना पुढे इतर तज्ज्ञांनी आव्हान दिलं, पण प्रवचनांतून वैद्यकीय वर्णनं वाचून दाखवायची प्रथा तोवर रुळली होती. मध्ययुगीन ध्यानाला आता शवविच्छेदनाची भाषा मिळाली.

गिब्सनने हे सगळं एकत्र आणलं. त्याचा चित्रपट बायबलच्या जुन्या करारातल्या यशया 53 मधल्या 'त्याच्या जखमांनी आम्हाला आरोग्य मिळालं' या आशयाच्या वचनाने सुरू होतो. पुष्कळसे तपशील शुभवर्तमानांतले नाहीतच. ते अॅन कॅथरीन एमरिख या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांतून येतात. हे दृष्टांत कवी क्लेमेन्स ब्रेंटानोने लिहून काढून 1833 मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे त्यात तिचं किती आणि त्याचं किती हा वाद जुना आहे. पिलाताची बायको कापड आणून देते आणि मरिया दगडी फरशीवरचं रक्त टिपून घेते, हा प्रसंग तिथला. फटक्यांच्या दृश्याची रचना पाहा : आधी वेताच्या काठ्या. येशू कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो. सैनिकांना तो अपमान वाटतो. मग ते हुकांचा चाबूक उचलतात. एक जण तो आधी टेबलावर मारून दाखवतो, हुक लाकडात रुततात. म्हणजे पाठीवर पडण्याआधीच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मोजणी लॅटिनमध्ये चालू. मध्ये गर्दीतून हातांत मूल घेतलेला सैतान फिरतो. ही मांडणी भयपटाची आहे, आणि ती अतिशय कसबी आहे.

या चित्रपटाबद्दलची माझी अडचण रक्ताच्या प्रमाणाची नाही. येशूला का मारलं, हे त्यात जवळपास नाही. मंदिरातला गोंधळ, गरिबांबद्दलची वचनं, रोमला वाटलेली भीती हे सगळं काही सेकंदांच्या आठवणींत आटोपतं. उरतं ते दुःख आणि ते देणारे हात. इथे ओबरआमरगाउचा जुना प्रश्न परत येतो. कयफा कठोर, पिलात बिचारा. 'त्याचं रक्त आमच्यावर' ही ओळ निषेधानंतर पडद्यावरच्या भाषांतरातून काढली, पण अरामी भाषेतल्या संवादात राहू दिली. बचावात सांगितलं जातं की पहिला खिळा धरणारा हात खुद्द गिब्सनचा आहे, म्हणजे दोषी मीच. भावना खरी असेल. पण हे प्रेक्षकाला बाहेरून कळवावं लागतं, चित्रात ते नाही.

सगळ्यात गमतीचा भाग स्वागताचा. हा चित्रपट आतून बाहेरून कॅथलिक आहे : क्रूसाच्या वाटेवरचे टप्पे, तोंड पुसणारी वेरोनिका, मरियेची मध्यवर्ती जागा. तरी अमेरिकेत तो उचलून धरला इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांनी, ज्यांच्या चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो, त्यावर येशूचा देह नसतो. पाद्र्यांना आगाऊ खेळ दाखवले गेले, मंडळ्यांनी अख्खी थिएटरं आरक्षित केली, आणि 25 फेब्रुवारी 2004 ला, भस्म बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी), तो लागला. साधारण 3 कोटी डॉलरच्या खर्चावर एकट्या अमेरिकेत सुमारे 37 कोटी डॉलर मिळाले. 'आर' रेटिंगच्या (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश असलेल्या) चित्रपटाचा हा देशांतर्गत विक्रम 2024 पर्यंत टिकला. एरवी पडद्यावरच्या हिंसेविरुद्ध बोलणारे पालक या वेळी मुलांना घेऊन गेले. ब्रिटनमध्ये तो फक्त प्रौढांसाठी, फ्रान्समध्ये बारा वर्षांवरच्यांसाठी. मलेशियात तर चर्चमार्फत फक्त ख्रिस्ती प्रेक्षकांना. समीक्षक डेव्हिड एडेलस्टाइनने 2006 मध्ये छळपटांच्या नव्या लाटेला 'टॉर्चर पॉर्न' हे नाव दिलं, तेव्हा 'सॉ' आणि 'हॉस्टेल'च्या पंगतीत त्याने हा चित्रपटही बसवला. भाविकांना ते झोंबलं. पण त्याच तंत्राने त्यांनाही रडवलं होतं, हे नाकारता येत नाही.

2005 मध्ये गिब्सनने साधारण पाच मिनिटं कापून सौम्य आवृत्ती काढली, वय कमी असलेल्यांना पाहता यावी म्हणून. रेटिंग मंडळ तरीही बधलं नाही, आवृत्ती रेटिंगशिवाय लागली आणि पडली. स्टुडिओंनी मात्र धडा घेतला होता, पण वेगळाच. फॉक्सने 2006 मध्ये धार्मिक प्रेक्षकांसाठी स्वतंत्र विभाग काढला, पुढे 'सन ऑफ गॉड' (2014) सारखे चित्रपट आले, सगळे घरातल्या सर्वांना बरोबर घेऊन पाहता येतील असे बेताचे. चर्चची यादी, आगाऊ खेळ, घाऊक तिकिटं हे सगळं त्यांनी उचललं. चाबूक तेवढा सोडून दिला.