लक्ष जाणं वेगळं, लक्ष देणं वेगळं

कुकरची शिट्टी झाली की घरात सगळ्यांची मान किचनकडे वळते, आणि तरी पाच मिनिटांनी "किती शिट्ट्या झाल्या गं?" हा प्रश्न येतोच, कारण मोजलेल्या कुणीच नसतात. लक्ष सगळ्यांचं गेलं, दिलं कुणीच नाही. मराठीत या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि मला वाटतं आपली भाषा इथे एकदम बरोबर आहे, गल्लत आपण करतो, म्हणजे मुलाचं लक्ष गेलं की त्याला लगेच "लक्ष देत नाहीस" म्हणून ओरडतो.

लक्ष जातं तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही. काही चमकलं, अचानक हललं, दणका झाला, की गेलंच. मायकल पोस्नर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी हे १९८० च्या आसपास फार साध्या पद्धतीने तपासलं: स्क्रीनच्या मधोमध बघत राहायचं, नजर हलवायची नाही, कडेचा एक चौकोन क्षणभर उजळतो आणि मग कुठेतरी खूण येते, ती दिसली की बटण दाबायचं. खूण उजळलेल्या जागीच आली तर हात पटकन चालतो. लक्ष तिथे साधारण १०० मिलीसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात पोचलेलं असतं, आणि त्या उजळण्याला काही अर्थ नाही, दुर्लक्ष करा असं आधी सांगितलं तरी ते जातंच! पण तिथे टिकत नाही, लगेच ओसरतं. याउलट मधे बाण दाखवून "तिकडे लक्ष ठेवा" म्हटलं तर पोचायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, पण मग ते आपण ठरवू तितकं धरून ठेवता येतं, थोडी मेहनत पडते इतकंच.

आता लक्ष देण्याची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. एका गोष्टीला मनापासून लक्ष दिलं की बाकीचं अक्षरशः दिसत नाही. १९९९ चा गोरिलाचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, व्हिडिओत बास्केटबॉलचे पास मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिला (गोरिलाच्या वेशातला माणूस) दिसलाच नाही. पण २०१३ चा प्रयोग त्याहून हादरवणारा आहे. २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं, तर २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच जागेवरून फिरली होती. हे लोक निष्काळजी नव्हते, लक्ष देत होते म्हणूनच चुकलं. म्हणून नजर गेली म्हणजे लक्ष दिलं असं धरून चालता येत नाही, आणि रीलवर अंगठा दोन सेकंद थांबला म्हणजे माणसाने ती मनापासून पाहिली असंही नाही.

दोन्ही एकमेकांत मिसळतात हेही खरं. आपण काय शोधतोय त्यावर काय खेचून घेईल ते बरंचसं ठरतं, स्टँडवर लाल एसटीची वाट बघताना लाल ट्रकसुद्धा दचकवतो. आणि स्वतःचं नाव मात्र कुठेही ऐकू येतंच असं आपण समजतो ना, तेही पूर्ण खरं नाही. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञांनी एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणायला लावून दुसऱ्या कानात त्या व्यक्तीचं नाव पेरलं, तर ते साधारण तिघांतल्या एकालाच कळलं.

हे सगळं मी वाचायला लागले ते मुलीमुळे. "वर्गात लक्ष देत नाही" असा निरोप आला, मी जाऊन बघितलं तर तिचा बाक खिडकीशी आणि खिडकीखाली रिक्षा स्टँड! दर मिनिटाला हॉर्न वाजतोय आणि कुणीतरी उतरतंय, तिथे मोठ्या माणसाचंही लक्ष गेलं असतं. तिला समजावून काही होणार नव्हतं, मी फक्त बाक बदलून मागितला. घरी अभ्यासाच्या वेळी मोबाईल आतल्या खोलीत ठेवते, सायलेंट करून टेबलावर नाही, कारण फोन उचलला नाही तरी त्याच्या नुसत्या थरथरण्यानेही हातातल्या कामात चुका वाढतात हे २०१५ च्या एका प्रयोगात दिसलंय. अक्षर अजून तसंच आहे तिचं, पण वहीत अर्धवट सोडलेली गणितं कमी झालीत.