खेळणे घरी आल्यानंतर : दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानातून नेलेल्या खोक्यात लाकडी भातुकली, चकत्यांचा मनोरा किंवा चाकाची गाडी यांपैकी काहीतरी असेल, आणि त्यासोबत हे पत्रक मुद्दाम ठेवलेले आहे. पुन्हा दुकानात येणारे पालक आम्हाला बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात, की खेळणे आणल्यावर पहिले चार दिवस मूल ते हातातून खाली ठेवत नाही आणि पाचव्या दिवशी ते सोफ्याखाली गेलेले असते. त्यात दोष खेळण्याचा नसतो आणि मुलाचाही नसतो. घरातल्या दिवसक्रमात त्या खेळण्याला ठरलेली वेळ मिळालेली नसते, एवढेच. ती वेळ कशी काढावी आणि घरात आधीपासूनच असलेल्या वस्तूंमधून मुलांना काय काय करू देता येईल, हे येथे सांगितले आहे. त्यातील बहुतेक गोष्टींसाठी आमच्याकडून किंवा अन्य कोणाकडूनही काही विकत घ्यावे लागत नाही.

ही दृष्टी आमची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्याच वस्तू साधने म्हणून वापरल्या जात. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात शिंपले नसतील, पण वाटाण्याच्या शेंगा असतात, परात असते, जुनी साडी असते.

दिवसाचा क्रम

तीन वर्षांच्या मुलाला ‘पाच वाजता खेळायला जाऊ’ या वाक्याचा अर्थ लागत नाही, कारण त्याला घड्याळ कळत नाही. ‘दूध पिऊन झाले की जाऊ’ हे मात्र त्याला चांगले कळते. म्हणून वेळापत्रक तासांचे न करता क्रमाचे करावे : उठल्यावर दात, मग दूध, मग खेळ, खेळ आवरला की अंघोळ. घरातल्या कोणाचे ऑफिस लवकर असले आणि हे सगळे अर्धा तास अलीकडे आले, तरी क्रम तोच राहिला की मुलाची कुरकुर बरीच कमी होते. एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदावर ब्रश, पेला, चेंडू, तांब्या अशी चार-पाच साधी चित्रे काढून ती मुलाच्या उंचीवर, न्हाणीघराच्या दाराजवळ चिकटवावीत. चित्रे सुबक नसली तरी चालतात. आईबाबांनी तोंडाने दहादा सांगण्यापेक्षा ‘आता चित्रात पुढे काय आहे बघ’ असे विचारले की मूल स्वतःच पुढच्या कामाला लागते, आणि आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी यांनाही क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दिवसातून खेळाच्या दोनच वेळा पक्क्या कराव्यात, असा आमचा आग्रह राहील. एक सकाळी स्वयंपाकाची गडबड चालू असताना, आणि दुसरी दिवेलागणीच्या आधी, शक्यतो घराबाहेर. ज्या घरात आई आणि बाबा दोघेही रात्री सातनंतर येतात, तेथे दुसरी वेळ जेवणाआधीच्या वीस मिनिटांची असली तरी चालेल, मात्र त्या वीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सण, पाहुणे, गावाला जाणे यांत क्रम मोडणारच. अशा वेळी सगळा क्रम सांभाळण्याचा अट्टहास न करता झोपण्यापूर्वीचे दोन टप्पे, म्हणजे हातपाय धुणे आणि गोष्ट, एवढे जरी टिकवले तरी घरी परतल्यावर गाडी लवकर रुळावर येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक आकडे प्रसिद्ध केले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातील ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी पळापळ असावी, दुपारची झोप धरून त्याला १० ते १३ तास झोप मिळावी, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे त्यात म्हटले आहे. दोन वर्षांच्या मुलासाठीही पडद्याची मर्यादा एक तासाचीच आहे आणि एक वर्षाच्या बाळासाठी पडदा मुळीच नको. १८० मिनिटे ऐकून घाबरू नये. जिना चढणे, कपड्यांच्या घड्या उचलून कपाटापर्यंत नेणे, भाजी आणायला चालत जाणे हे सगळे त्यात धरले जाते.

स्वयंपाकघर

आमच्या अनुभवात सर्वांत अधिक काळ टिकणारा खेळ स्वयंपाकघरात होतो, आणि तो खेळ आहे असे मुलाला वाटत नाही. त्याला वाटते की आपण काम करतो आहोत. म्हणूनच ते टिकते.

हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की मुलासमोर ताट आणि दोन वाट्या ठेवाव्यात. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबून ती उघडणे हे मोठ्यांना क्षुल्लक वाटते, परंतु तीन वर्षांच्या हाताला त्यासाठी नेम, जोर आणि दोन्ही हातांचा मेळ असे सगळेच लागते. पहिली शेंग आपण अर्धी उघडून द्यावी. दाणे एका वाटीत, टरफले दुसऱ्या वाटीत. मधूनच काही दाणे तोंडात जातील, ते जाऊ द्यावेत. मात्र मूल बसून खात असावे, पळत नसावे. मेथीची जुडी असेल तर पाने खुडण्याचे काम चार वर्षांच्या मुलाला छान जमते. देठ थोडे अधिक आले म्हणून भाजी बिघडत नाही आणि त्यावरून मुलाला टोकूही नये.

मोड आणण्याचा खेळ तीन दिवस चालतो, म्हणून तो आम्हाला विशेष आवडतो. रात्री जेवण झाल्यावर मुलाकडून एक वाटी मटकी पातेल्यात ओतून घ्यावी आणि त्यानेच तांब्याने पाणी घालावे. सकाळी दाणे फुगलेले दिसतात. त्यांच्या शेजारी एक कोरडा दाणा ठेवून दाखवला की फरक न सांगता कळतो. पाणी काढून मटकी पातळ ओल्या फडक्यात बांधून ठेवावी आणि गाठ मारताना एक टोक मुलाने धरावे. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की फडक्याच्या विणीतून बाहेर आलेली पांढरी टोके बोटाला लागतात, आणि बहुतेक मुले तेथे थबकतात. थंडीत यास एक दिवस अधिक लागतो. उसळ करताना मूठभर मोड बाजूला काढून बशीत ओल्या कापसावर ठेवावेत. काही दिवसांत त्यांना पाने फुटतात आणि रोज सकाळी कापूस ओला करण्याचे काम आपोआपच दिवसक्रमात येऊन बसते.

कडधान्याच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. लहान मुले दाणा नाकात किंवा कानात घालतात, आणि ओलावा लागून तो फुगतो. दाणा अडकलाच तर चिमट्याने किंवा काडीने काढण्याचा प्रयत्न न करता लगेच डॉक्टरांकडे जावे.

खेळण्यासाठी कणकेचा गोळा करावयाचा असल्यास दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, एक चमचा तेल आणि लागेल तसे, सुमारे पाऊण ते एक वाटी, पाणी एवढे पुरते. पिवळा रंग हळदीचा, गुलाबी बिटाच्या रसाचा. हा गोळा अतिशय खारट असतो आणि पोटात जाऊ नये, म्हणून जे मूल अजून हाताला लागेल ते तोंडात घालते, त्याला बिनमिठाचा साधा गोळाच द्यावा आणि खेळून झाल्यावर टाकून द्यावा. मिठाचा गोळा झाकणाच्या डब्यात काही दिवस राहतो. पावसाळ्यात मात्र तो पाझरतो, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवावा. खोक्यातील छोटे पोळपाट-लाटणे याच कामासाठी आहे. घरातील पोळ्या लाटल्या जात असताना शेजारी बसून मुलाने आपली पोळी लाटली, तर भातुकली वेगळी मांडून द्यावी लागत नाही.

पाणी, जमीन, भिंत

मे महिन्यात परातीत दोन पेले, एक गाळणी आणि एक चमचा ठेवून अर्धा तांब्या पाणी द्यावे. एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी न सांडता ओतणे हा प्रकार मुले कितीही वेळ करू शकतात. भिंतीवर जुन्या ब्रशने नुसत्या पाण्याने रंगवू दिले, तरी उन्हात चित्र वाळून नाहीसे होण्याची मौज वेगळीच असते, आणि घरमालकाचीही हरकत राहत नाही. भरलेली बादली मात्र मुलाच्या आसपास कधीही ठेवू नये. काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि ते आवाज न होता घडते.

फरशीवर खडूने सरळ रेघ ओढून तिच्यावरून तोल सांभाळत चालणे, पुढे त्याच रेघेवर डोक्यावर हलकी उशी घेऊन चालणे, हे पावसाळ्यात घरात अडकलेल्या दिवसांसाठी चांगले आहे. चार ठिपके चौकोनात काढून ते जोडण्यापासून ठिपक्यांच्या रांगोळीची सुरुवात होते. पाच वर्षांच्या मुलाला तीन बाय तीन ठिपके जमतात, आणि रांगोळीची पूड चिमटीत धरून सोडण्याने पेन्सिल धरण्याची बोटे तयार होतात. दोन खुर्च्यांवर आजीची जुनी साडी टाकली की घर तयार होते. त्या घरात काय चालले आहे, हे मोठ्यांनी विचारत बसू नये. बोलावले तर जावे.

खेळणी काढून ठेवण्याविषयी

खेळणी विकणाऱ्याने हे सांगणे विचित्र वाटेल, पण घरातील निम्मी खेळणी माळ्यावर ठेवावीत. समोर वीस वस्तू असल्या की मूल प्रत्येकीला हात लावते आणि एकीशीही खेळत नाही. चार-पाच वस्तू खालच्या फळीवर, प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल, एवढे केले की माळ्यावरून उतरलेले जुने खेळणे नव्यासारखे खेळले जाते. आवरण्याचे कामही मग मुलाच्या आवाक्यात राहते. वाढदिवसाला आलेल्या भेटी एकाच दिवशी उघडू नयेत, असे आम्ही सुचवतो. पाहुण्यांसमोर हे जमत नाही याची आम्हाला कल्पना आहे.

काय देऊ नये

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुमारे सव्वातीन सेंटिमीटरहून लहान वस्तू, उदाहरणार्थ नाणी, मणी, चिंचोके, देऊ नयेत. अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकतात, ते कुटूनच द्यावेत. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर असतात आणि जुन्या घरांत अजूनही सापडतात, पण त्यांचे बी विषारी आहे. खेळातून त्या पूर्णपणे वगळाव्यात. रिमोट आणि बोलत्या खेळण्यांतील चपटा बटन सेल गिळला गेल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे भारतात १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनविलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडी किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कारागिरांच्या काही खेळण्यांवर हे चिन्ह दिसणार नाही. अशा वेळी रंग लाखेचा आहे का, कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत का आणि चाकाची खीळ ओढून निघते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आमच्याकडेही तसेच पाहावे, कोणीही रागावणार नाही.

लाकडाची निगा

कातलेल्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवलेला असतो, आणि उष्णतेनेच तो मऊ पडतो. म्हणून ही खेळणी गरम पाण्यात टाकू नयेत आणि खिडकीच्या कडक उन्हातही ठेवू नयेत. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. भातुकलीतील जाते, उखळ आणि पातेली पाण्याच्या खेळात वापरली गेली, तर लाकूड फुगून तडकते. पाण्यासाठी स्टीलची वाटी द्यावी. कणकेचे कण पोळपाटावर वाळले असतील तर सुरीने न खरवडता थोडा वेळ ओले फडके वर ठेवावे, ते सुटून येतात.

लाटण्याची मूठ निघाली, गाडीचे चाक सैल झाले किंवा मनोऱ्याची एखादी चकती हरवली, तर उरलेले खेळणे घेऊन दुकानात यावे. डिंकाने किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी जोडू नये, कारण नंतर तो भाग कातून बसवता येत नाही. चकती त्याच मापाची करून मिळते; रंग जुन्या चकत्यांशी तंतोतंत जुळेलच, असे मात्र सांगता येत नाही.