न्हाणीघरातील बुरशी

दमट प्रदेशांत न्हाणीघराचे छत, भिंती, फरशांचे सांधे व सिलिकॉनच्या पट्ट्या यांवर वाढणारा कवकांचा थर. कोकण व गोव्यात पावसाळ्यात ती सर्वाधिक फोफावते. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की बहुतेक जाती रुजतात. साबणाचा व अंगाचा मळ त्यांना अन्न म्हणून पुरतो. छताच्या कोपऱ्यात प्रथम टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात व पुढे ते एकमेकांत मिसळतात.

काळ्या डागांतील कवक कोणते, याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात ते सर्रास स्टॅकिबॉट्रिस चार्टारम ही विषारी जाती मानले जाते. कवकशास्त्रज्ञ कोर्डा यांनी 1837 मध्ये प्राग येथील एका घरातील भिंतीच्या कागदावरून तिचे वर्णन केले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे 1990 नंतरच्या दशकात तान्ह्या मुलांना झालेल्या फुप्फुसातील रक्तस्रावाशी तिचा संबंध जोडला गेला. तथापि अमेरिकेच्याच रोग नियंत्रण केंद्राने 2000 मध्ये फेरतपासणीअंती तो सिद्ध होत नसल्याचे नमूद केले. या जातीला सतत भिजलेले सेल्युलोज (कागद, लाकूड यांतील तंतुद्रव्य) लागते. सिमेंटचा गिलावा व चिनी मातीच्या फरशा असलेल्या आपल्याकडील न्हाणीघरांत, कागदाचे आवरण असलेले जिप्समचे खोटे छत सोडल्यास, ते फारसे नसते. त्यामुळे क्लॅडोस्पोरियम, ऑरिओबासिडियम व तत्सम गडद कवकांना जबाबदार धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात नुसत्या रंगावरून जाती ठरत नाही. गुलाबी बुळबुळीत थर बहुधा सेराशियासारख्या जीवाणूंचा असतो. भिंतीवरील पांढरा भुरा अनेकदा लोणा असतो. तो पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेनुसार ओल व बुरशी असलेल्या घरांत श्वसनविकार व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते. डाग कोणत्याही जातीचा असला, तरी तो काढणे इष्ट.

गुळगुळीत फरशीवरील थर साबणाने घासून निघतो. सोडियम हायपोक्लोराइटाने (घरगुती ब्लीचने) डागाचा रंग जातो. पण सच्छिद्र गिलाव्यात खोलवर गेलेले तंतू उरू शकतात. त्याच्या नित्य वापराची शिफारस अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही करीत नाही. शौचकूप साफ करण्याच्या अम्लयुक्त द्रावात ते मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे मिश्रण कदापि करू नये.

चुन्याची सफेदी हा जुना उपाय शास्त्रीय दृष्ट्याही योग्य आहे. ताज्या चुन्याचा पीएच सुमारे 12, म्हणजे तीव्र अल्क, असतो व त्यावर कवके तग धरीत नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइडामुळे चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते व हा गुण ओसरतो. म्हणून सफेदी वरचेवर द्यावी लागते. सिमेंटच्या गिलाव्याची अल्कताही अशीच घटते, त्यामुळे नव्या न्हाणीघरात बुरशी उशिरा धरते.

कोकणातील जुनी न्हाणी बहुधा घराच्या मागील बाजूस, वाऱ्यावर असे व तेथेच चुलीवर पाणी तापे. साधारणपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सदनिकांमुळे ती बंदिस्त झाली. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असल्याने पंख्याने वाफ बाहेर गेली, तरी ओल्या भिंती सावकाश वाळतात. आंघोळीनंतर भिंतींवरील पाणी वायपरने निपटणे त्या काळात अधिक उपयोगी पडते. आतून काळ्या पडलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या मात्र खरवडून नव्याने भराव्या लागतात.