नागपूर ते मुंबई: वेळ नेमका जातो कुठे?

नागपूर ते मुंबई अंतर किती? रेल्वेने गेलात तर ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. दोन्ही विमानतळांमधली सरळ रेषा मोजली, तर ती भरते जेमतेम ६८०. रेल्वेचा आकडा फुगतो, कारण तिला चढ सोसत नाही. वर्धा, बडनेरा, अकोला करत ती पूर्णा-तापीच्या सपाट खोऱ्यातून भुसावळ गाठते आणि मग मनमाडकडे वळते.

प्रवाशाला मात्र अंतरापेक्षा वेळेशी देणंघेणं असतं, आणि वेळेचा हिशेब आपण हमखास चुकवतो. समजा, समृद्धीवरचे ७०० किलोमीटर ताशी १०० च्या वेगाने कापले: ७ तास. पुढचे ५० किलोमीटर भिवंडी-ठाण्याच्या गर्दीत ताशी २५ ने: आणखी २ तास. बहुतेक रस्ता शंभरने झाला, तेव्हा सरासरी पंचाण्णवच्या आसपास असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ७५० किलोमीटरला ९ तास लागले, म्हणजे सरासरी ८३. वेगाची सरासरी किलोमीटरवर ठरत नाही, तासांवर ठरते. आपले तास खातो तो संथ पट्टा: अंतर पंधरावा हिस्सा, वेळ मात्र पाचव्या हिश्श्याहून जास्त!

त्या गर्दीत ताशी २५ चे ४० झाले, तर ४५ मिनिटं वाचतात. तेवढीच मिनिटं महामार्गावर वाचवायची तर सलग ७०० किलोमीटर ताशी ११२ ने गाडी हाकावी लागते. वेग १०० वरून ११२ वर गेला की गाडीची गतिज ऊर्जा पाव पटीने वाढते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला तितकाच जास्त रस्ता लागतो. म्हणूनच भिवंडीत जाणारा वेळ जालन्यात गाडी दामटून वसूल करणं मला अजिबात पटत नाही. वेळ खरा वाचतो तो अडलेली जागा मोकळी झाली की.

अशी अडलेली जागा म्हणजे कसारा घाट. इथे रूळ दर ३७ मीटरला एक मीटर चढतो. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड मुळातच कमी, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ती ढकलतात तेव्हा गाडी इगतपुरीला पोचते. समृद्धीने याच डोंगरात जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा काढला आहे.

विमानालाही हाच हिशेब लागू होतो. वर चढण्या-उतरण्याचा वेळ सोडून ताशी ८०० चा वेग धरला, तर ६८० किलोमीटरला ५१ मिनिटं, जाऊन-येऊन १०२. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो ताशी १०० धरू. मुंबईहून येताना सुमारे ४५ मिनिटं, जाताना सुमारे ५८. बेरीज १०३ च्या वर जाते, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.