चुकणारा सेन्सर, दमणारी बॅटरी

दोन चाकांचा एक छोटा रोबो भिंतीकडे जातो आहे आणि भिंत २० सेंटीमीटरवर आली की त्याने थांबायचे आहे, एवढेच काम असले तरी ते थेट यंत्रावर आजमावल्यास पहिल्या दोन-चार खेपांत रोबो भिंतीवर आपटणार, हे गृहीत धरावे लागते. म्हणून तो आधी संगणकात उभा करतात. प्रत्येक अवयवासाठी एक ‘क्लास’, म्हणजे त्या जातीच्या अवयवाचा आराखडा लिहिला जातो, आणि त्यावरून घडवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’. मोटरचा क्लास एकदाच लिहायचा आणि त्यापासून डावी व उजवी अशा दोन मोटरी घडवायच्या. दोघींचे नियम एकच, वेग मात्र जिचा तिचा.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग नावाची ही पद्धत जन्मली तीच मुळी सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या गोष्टीची संगणकात नक्कल करण्यासाठी. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा घडवली, आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा (एका क्लासचे गुण दुसऱ्या क्लासने घेणे) या तिन्ही कल्पना होत्या. पुढे सी प्लस प्लस या भाषेने क्लासची कल्पना तिच्याकडूनच घेतली. तेव्हा रोबोच्या सिम्युलेशनसाठी ही पद्धत वापरणे म्हणजे तिला माहेरी आणण्यासारखेच आहे.

खरी कसोटी लागते ती सेन्सर लिहिताना. एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वेळ मोजतो. भिंत एक मीटरवर असेल तर ही वेळ सुमारे ५.८ मिलिसेकंद भरते. नवशिका प्रोग्रामर भिंतीचे नेमके अंतर परत देणारी एक ओळ लिहून मोकळा होतो. पण खरा सेन्सर २ सेंटीमीटरच्या आतले आणि ४ मीटरपलीकडचे धड सांगू शकत नाही, भिंत तिरपी असेल तर प्रतिध्वनी भलतीकडेच जातो, आणि २० अंशांसाठी ठरवलेला ध्वनिवेग ४० अंशांच्या उन्हात वापरला, तर एक मीटरचे अंतर सुमारे सव्वातीन सेंटीमीटरने कमी भरते. हे सारे दोष क्लासच्या आत असावेत आणि बाहेरच्या नियंत्रकाने, म्हणजे रोबो चालवणाऱ्या कोडने, फक्त ‘अंतर किती?’ एवढेच विचारावे. मग ‘अंतरमापक’ या मूळ क्लासच्या वारसांपैकी आभासी सेन्सर काढून त्याच्या जागी खऱ्या सेन्सरचा क्लास बसवला, तरी नियंत्रकाच्या कोडला हात लावावा लागत नाही. माझ्या मते या पद्धतीचा रोबोला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच.

बॅटरी मात्र ही शिस्त मोडते. प्रत्येक मोटरने बॅटरीचे ७.४ व्होल्ट कायमचे धरून चालले, तर आभासी रोबो कधीच दमत नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.२ ओहम मानला आणि दोन्ही मोटरींनी मिळून २ अँपिअर ओढले, तर ०.४ व्होल्ट आतच खर्ची पडतात. म्हणून दोघींनी एकाच बॅटरी ऑब्जेक्टकडे व्होल्टेज मागितले पाहिजे.

याहून अवघड प्रश्न चाक घसरण्याचा, कारण घसरणे हा ना एकट्या चाकाचा गुण, ना एकट्या फरशीचा. गझीबोसारख्या सिम्युलेटरमध्ये स्पर्श आणि घर्षण यांचा हिशेब कोणत्याही एका अवयवाकडे न सोपवता स्वतंत्र भौतिकी इंजिनाकडे, म्हणजे बल आणि गती यांचे गणित करणाऱ्या प्रोग्रामकडे, दिलेला असतो, तो याचसाठी.