वळताना ‘विंगची हवा जाते’, त्याबद्दल

आम्ही मालवणला विंग-फॉइलिंग शिकवतो: हातात हवा भरलेलं शीड, म्हणजे विंग, धरून बोर्डावरून पाण्यावर जायचं. रविवारी संध्याकाळी तिथून परतीची गाडी भरताना प्रत्येक बॅचमधला एकजण तरी सांगतोच, ‘सायेब, विंग गळकी हाय की ओ तुमची. सरळ जाताना झकास ओढते, वळायला लागलं की ढिली पडते.’ आम्ही गेज लावून दाखवतो. सकाळी सात पीएसआय भरलेली असते, संध्याकाळीही सातच निघते. तरी पुढच्या खेपेला तो माणूस दुसरी विंग मागतो. ती काढा, पंप मारा, लीश (विंगची दोरी) बांधा, यात अर्धा तास जातो आणि दुपारचा वारा कुणासाठी थांबत नाही. म्हणून हे पत्रक. ज्यांना फॉइलवर (बोर्डाखालचा पाण्यातला पंख, वेग आला की तो बोर्ड वर उचलतो) उठून दोन-तीनशे मीटर सरळ जाता येतं, पण जाइब जमत नाही, त्यांनी वाचावं.

जाइबमध्ये आपण वाऱ्याकडे पाठ करून वळतो. समजा वारा पंधरा नॉट (ताशी साधारण अठ्ठावीस किलोमीटर) आहे आणि तुम्ही त्याच दिशेने बारा नॉटने निघालात. विंगला लागायला वारा उरला तीन नॉट. ती हलकी पडणारच. वारा पाठीमागून असला की सायकलवर शर्टही फडफडत नाही, तसंच हे. विंग हलकी झाली म्हणजे वळण बरोबर चाललंय. त्या दोन-तीन सेकंदांत तुम्हाला विंग नेत नाही, फॉइल नेतो, आणि फॉइलला फक्त वेग समजतो.

घोटाळा होतो तो इथे. वळण दिसलं की आपण वेग कमी करतो. सकाळीच फोंडा घाट उतरून आलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो, त्यात त्याची चूक नाही. पण पाण्यावर वेग सात नॉटवर आला की विंगवर आठ नॉट वारा शिल्लक राहतो. ती पुढे ओढते, तुम्ही तिला मागे खेचता, वजन मागच्या पायावर जातं. बोर्डाचं नाक वर, शेपूट खाली, आणि माणूस पाठीवर पाण्यात. तालमीत घाम गाळलेली पोरं यात जास्त अडकतात, कारण हातात आलेली वस्तू सोडायची त्यांना सवयच नाही.

तेव्हा वळणाआधी बोर्ड वारा जिकडे वाहतोय तिकडे थोडा वळवून वेग वाढवा. मग विंग डोक्यावर घ्या आणि तिथे नुसती तरंगू द्या. वजन पुढच्या पायावर. नजर जिकडे बाहेर पडायचं तिकडच्या एखाद्या माडावर. पायांकडे बघितलं की बोर्ड खाली बसलाच म्हणून समजा. वळण ऐसपैस घ्या, पंचवीस-तीस मीटरचं. कुठला पाय पुढे, कुठला मागे, हे वळणात बदलू नका. आहेत तसेच बाहेर पडा आणि सरळ झाल्यावर बदला. पेठेतल्या फुटबॉलवाल्यांना ही अदलाबदल लवकर जमते, बाकीच्यांना आम्ही इथे कोल्हापुरातच मैदानावर स्केटबोर्डवर करून घेतो. ‘समुद्राचे पैसे देऊन मैदानात कशाला?’ असं विचारणारे बरेच भेटतात. मैदानात पन्नास वेळा पडायला तासभर पुरतो, समुद्रात पन्नास वेळा पडून पुन्हा उठायला दोन दिवस लागतात.

रंकाळ्यावर का शिकवत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. शहराच्या कडेला इमारती-झाडांमुळे वारा घुटमळतो, आणि पाण्यात वेल असली की ती फॉइलच्या दांड्यात अडकते. मालवणलाही सकाळी पाण्यावर सोडत नाही, कारण तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि नवख्याला आत घेऊन जातो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा माणसाला किनाऱ्याकडे परत आणतो. मार्च ते मेमध्ये तो चांगला भरतो, त्यामुळे जाइबची बॅच आम्ही त्याच महिन्यांत ठेवतो. पावसाळ्यात पूर्ण बंद.

छोटा फॉइल कृपया मागू नका. तो झटकन वळतो हे खरं, पण तोलून धरायला वेगही जास्त मागतो, आणि तुमची अडचण वेगाचीच आहे. पहिल्या दहा जाइब जमेपर्यंत अठराशे चौरस सेंटिमीटरच्या आसपासचाच मिळेल. भाडं दोन्हीचं सारखंच आहे, म्हणजे यात आमचा फायदा काही नाही.

बॅच चारजणांची. वळणाचा व्हिडिओ काढून त्याच संध्याकाळी दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. विंग ढिली वाटली तर किनाऱ्यावर यायच्या आधी एकदा पूर्ण वेगात वळून बघा. तरीही शंका असेल तर खुशाल घेऊन या, तुमच्यासमोर गेज लावू. खरंच हवा गेलेली निघाली, तर त्या तासाचं भाडं माफ.